चुकीच्या मांडवातला पाळणा

दाजी,

मरताना माणूस बायकोला काही सांगतो, पोराला काही सांगतो. मेव्हणीला कामाला लावून जाणारे तुम्हीच. गेल्या रविवारी, तुम्ही जाऊन दहा-बारा दिवस झाल्यावर, तुमचं पुण्यानुमोदन झालं, लातूरच्या तुमच्या घरासमोर, गल्लीभर मांडव घालून. त्या दिवशी मी तुमचा बारशाचा पाळणा म्हणायचा, तोही धावत्या ठेक्यात, ढोलकी लावून, असं तुम्ही दवाखान्याच्या खाटेवरून मला बजावलं होतं. "रडकं गानं म्हनलीस तर उठून येईन," अशी वर धमकीही दिली होती. त्या धमकीला मी भ्यायले नाही. खरं सांगू? तुम्ही उठून याल या आशेने रडकंच गाणं म्हणावं, असं दोनदा मनात आलं.

पण तुम्ही सांगून मोकळे झालात आणि निस्तरायची मी. आनंदला सांगितलं तर तो माझ्यावरच उखडला. तुमचा मुलगा आता मोठा साहेब आहे, चारचौघांत वावरतो. म्हणाला, "मावशी, आबा आजारात काहीही बोलायचे. लोक पांढरे कपडे घालून दुःखाला येणार आणि आपण बारशाचं गाणं लावायचं? माझी पंचाईत करू नको." आणि माझी बहीण, अक्का? तुम्ही गेलात त्या दिवसापासून अक्का बोललीच नव्हती. पाणी दिलं तर पाणी प्यायची, भाकरी दिली तर तुकडा मोडून ठेवायची. भिंतीला पाठ लावून दाराकडे बघत बसायची. तिच्या समोर उभं राहून मी पाळणा म्हणायचा होता, दाजी. मला भीती होती ती लोकांची नाही. ती तिची.

त्यात आपलं जुनं भांडण होतंच. मी म्हणायची, दुःख चालीतच असतं. अमुक सूर लागला की माणसाच्या डोळ्यांत पाणी येणारच, तमुक लागला की पाय हलणारच. मी शिकलेली ना, पुस्तकं वाचलेली! तुम्ही बाजाच्या पेटीवरची धूळ पंच्याने पुसत म्हणायचात, "मास्तरीणबाई, चाल म्हंजी रिकामं ताट. ज्याच्या घरात जे शिजलंय ते त्यात वाढायचं." मी चिडायची. म्हणायची, मग तुम्ही कशाला एवढा जीव काढता, कोणतंही ताट वाढा की. त्यावर तुम्ही नुसतं हसायचात. तुमचं हे हसणं म्हणजे माझ्या अंगाचा तिळपापड. चाळीस वर्षं आपण हेच भांडलो आणि चाळीस वर्षांत एकदाही कुणी हार मानली नाही.

हा पाळणा कुठून आला ते आनंदला कुठं माहीत? तो तर तेव्हा झोळीत होता.

बहात्तरच्या दुष्काळात मी तेरा वर्षांची. बापाने मला कंधारकडे तुमच्या गावी पाठवून दिलं, घरातलं खाणारं एक तोंड कमी व्हावं म्हणून. तुमच्याकडे तरी काय होतं? रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि मिरची. तुम्ही आणि अक्का पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचात. तिथे बाभळींना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या असायच्या. अकरा झोळ्या, अकरा लेकरं, आणि सांभाळायला मी. एकाने गळा काढला की अकराही सुरू. मी झोके देऊन देऊन थकायची, मग मीही रडायला लागायची.

एक दिवस दुपारच्या सुट्टीत तुम्ही आलात. भुवयांपर्यंत दगडाची पांढरी धूळ. तोवर मला तुमचा धाकच वाटायचा. लग्नात तुम्ही पेटीवर गायला होतात एवढंच तुमच्याबद्दल मला माहीत होतं. मी बारीक आवाजात काहीतरी संथ गुणगुणत होते. तुम्ही उकिडवे बसून ऐकलंत आणि म्हणालात, "आवाज झ्याक हाय. पर तू उलटं करायलीस. भुकेलं लेकरू हळू गान्यानं झोपत न्हाई. त्याला भूकच आठवती. त्याला पळवत न्यावं लागतंय, दुसरीकडं." मग तुम्ही एका झोळीत तोंड घातलंत. आतलं पोर ज्या उंचीवर रडत होतं, नेमक्या त्याच उंचीवर तुम्ही आवाज लावलात. पोर दचकून गप्प झालं. आपल्यासारखंच आणखी कोण रडतंय, हे बघायला त्याने डोळे उघडले. "आधी त्याच्या सुरात जायचं," तुम्ही म्हणालात, "मग त्याला हळूहळू आपल्या सुरात आनायचं. त्याला वाटलं पायजे, आपनच चाललोय." पुढे बत्तीस वर्षं मी शाळेत पोरं सांभाळली, त्यात मला याच्यापलीकडे फार काही शिकावं लागलं नाही.

तिकडे सुट्टी न घेतलेल्या बायका खडी फोडत होत्या. त्या हातोड्यांचा ठेका धरून तुम्ही गायला लागलात. शब्द तिथेच जुळवलेत:

नाव ठेवा गं बाळाचं, नाव ठेवा,
ऊन इचारतंय, त्याला नाव सांगा,
दगड इचारतोय, त्याला नाव सांगा,
कोरड्या हिरीला हाक मारून नाव सांगा...

आणि मग थांबलात. ढिगाऱ्यावरच्या एका बाईकडे बघून विचारलंत, "सांगा की, नाव काय?" ती ओशाळली. म्हणाली, "ठेवलंच न्हाई अजून. या सालात कुठलं बारसं?" चौकशी केली तर अकरांपैकी सात जणांना नावच नव्हतं. घरात दाणा नाही तर घुगऱ्या कशाच्या करणार, आत्याला काय नेसवणार, कुणाला बोलावणार? सगळ्यांनी मनात म्हटलं होतं, पाऊस पडला की ठेवू नाव.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत रोज एका पोराचं बारसं. तुम्ही गाणार, मी मागून झील धरणार, आणि नावाची जागा आली की आख्ख्या ढिगाऱ्यावरच्या बायका हातोडा आपटून पोराचं नाव ओरडणार. मुकादम सुट्टी संपली तरी शिट्टी वाजवायची विसरायचा. सात दिवसांत सात नावं. पोट कुणाचंच भरलं नव्हतं, दाजी, पण त्या सात दिवसांत त्या माळावर जो आनंद मी बघितला तसा पुढे बंगल्यांतल्या लग्नांतही दिसला नाही. तुमच्या मुलाचं नाव तर त्यावरूनच पडलं. सातव्या दिवशी त्याची पाळी आली आणि तुम्ही म्हणालात, आता दुसरं काय ठेवणार.

तिथून मी तुमच्या गायन पार्टीत आले ती आलेच. माझ्या बापाला तुम्ही काय सांगितलंत देव जाणे, पण त्याने मला पुढे शिकवलंही आणि गाऊही दिलं. पोरीच्या जातीने मांडवात बसून गायचं, म्हणजे आमच्या भावकीच्या कपाळाला आठ्याच आठ्या. तुम्ही म्हणायचात, "आठ्या मोजत बसल्या तर ठेका चुकल."

आता त्या मांडवाची गोष्ट. ती आनंदला मी गेल्या शनिवारी सांगितली, तशीच आता तुमच्यासमोर सांगते.

लातूर जिल्हा होऊन दोन-तीन महिने झाले होते. तुम्ही तोवर लातूरला डाळ मिलमध्ये हमालीला लागला होतात, मी नुकतीच शाळेवर रुजू झाले होते. नव्या जिल्ह्याची हवा अशी होती की जो तो काहीतरी कार्यक्रम काढायचा. जुन्या पाट्यांवर चुना मारून 'उस्मानाबाद'चं 'लातूर' केलेलं असायचं आणि चुन्याखालून जुनी अक्षरं डोकावत असायची. अहमदपूरच्या पुढच्या एका खेड्यातून बारशाची सुपारी आली. आपण पाच जण एसटीने निघालो. तुम्ही पेटी मांडीवर घेतली होती. कंडक्टर म्हणाला, "लगेजचं तिकीट घ्या." तुम्ही म्हणालात, "हे लगेज न्हाई, हे आमच्यातलं मानूस हाय." तो म्हणाला, "मग फुल तिकीट काढा." आख्खी बस हसली आणि तुम्ही सगळ्यांत जास्त हसलात.

बस उशिरा पोचली. फाट्यावरून धावतपळत वस्तीत आलो तर समोरच मांडव. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पुढे आपल्या वंदनेच्या नेहमीच्या दोन तसबिरी, हार, मेणबत्त्या, भंतेजींची वंदना नुकतीच आटोपलेली. दुसऱ्या कुणाला कळलं असतं दाजी, पण आपल्याला कसं कळणार? आपल्यात नवरी पांढरं नेसते, बारशाला पांढरं, दुःखाला पांढरं. आता फ्लेक्सवर गेलेल्या माणसाचा फोटो असतो, तेव्हा खेड्यात कुणाकडे फोटो होता? शिवाय पुढच्या रांगेत एक बाई मांडीवर तान्हं पोर घेऊन बसलेली. "या, या, लई वाट बघायलो तुमची," असं म्हणत लोकांनी आपल्याला थेट गादीवर बसवलं. त्यांची बोलावलेली पार्टी आली नव्हती, हे आपल्याला काय ठाऊक!

तुम्ही रीतीप्रमाणे आधी वंदना म्हटलीत. लोकांनी हात जोडले. मग तुम्ही त्या तान्ह्या पोराकडे बघून हसलात, ढोलकीवाल्या काकांना खूण केलीत, आणि सुरू. नाव ठेवा गं बाळाचं, नाव ठेवा! मीही झोकात झील धरली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. एकही टाळी पडेना. मी मान वर केली. बायकांनी पदर तोंडाला लावले होते. ज्या बाईच्या मांडीवर पोर होतं तिचं कपाळ पांढरं होतं, हातात एकही बांगडी नव्हती. मी तुमच्या पाठीला बोट टोचलं. तुमची बोटं पट्ट्यांवर जागच्या जागी थांबली.

एक तरणा गडी उठला, डोळे लाल. "माझा भाऊ गेलाय! कुनाच्या घरी येऊन काय म्हनून राहिले तुम्ही? चेष्टा लावली का गोरगरिबाची?" तो पुढे येत होता. तुम्ही उठून हात जोडलेत. मला वाटलं, आता मार खातो आपण, पार्टीचं नाव गेलं ते गेलंच.

तेवढ्यात मागून आवाज आला, "म्हादू, बस खाली."

गेलेल्या माणसाची आई. वाळलेली म्हातारी, काठीही नव्हती तिच्याजवळ, शेजारणीच्या खांद्याला धरून उभी राहिली. तिचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. "त्यांला म्हनू दे. माझा लिंबाजी रझाकारीत झाला. पोटुशी होते तवा गाव सोडून पळालो आमी. ज्वारीच्या रानात बाळंत झाले. कुठलं बारसं आन् कुठला पाळना? त्याच्या कानात नाव बी कुनी सांगितलं न्हाई. मी हाक मारली तेच नाव झालं. चौतीस वर्सं माझ्या जिवाला लागून राहिलंय ते. आता जाता जाता तरी होऊ दे त्याचं बारसं. म्हन रे बाबा. थांबलास काऊन?"

तुम्ही खाली बसलात. काकांनी ढोलकीवर संथ ठेका धरला, त्यांना वाटलं आता असाच हवा. तुम्ही मान हलवून नको म्हणालात. त्याच चालीत, त्याच वेगात पुन्हा पहिल्यापासून उचललंत. ऊन इचारतंय, त्याला नाव सांगा. आणि नावाच्या जागी म्हातारी एकटीच म्हणाली, "लिंबाजी." दुसऱ्या वेळी दहा बायका म्हणाल्या. तिसऱ्या वेळी सगळा मांडव. त्याची बायको मांडीवरचं पोर उचलून धरून म्हणत होती, डोळ्यांतून धारा, आणि आवाज खणखणीत. म्हातारी टाळ्या वाजवत होती. ती हसत होती की रडत होती, हे मला त्या दिवशी सांगता आलं नाही आणि आजही येत नाही. शेवटच्या कडव्याला सगळ्यांत मोठी हाक त्या म्हादूची होती.

मग वस्तीच्या दुसऱ्या टोकाकडून चार माणसं आपल्याला शोधत आली. "आमची पार्टी इथं कशी काय बसली?" तेव्हा कुठे खऱ्या बारशाच्या घरी गेलो. तिथे तोच पाळणा, तोच वेग, ताजं ताजं पोर, पेढे, गुलाल. आणि तिथे तुम्ही हुंदके देत गायलात, दाजी. त्या घरच्या लोकांना कळेना, या माणसाला एवढं काय झालंय. मी "दाजींना उन्हाचा त्रास होतो" अशी थाप मारली.

परतीच्या बसमध्ये भांडण पेटलं. मी म्हणाले, "बघा, चाल आनंदाची होती म्हणून म्हातारी उभी राहिली. संथ गायला असता तर मांडव रडून रडून आडवा झाला असता." तुम्ही म्हणालात, "चाल आनंदाची व्हती तर मला दुसऱ्या घरी रडू काऊन आलं? चालीत न्हवतं काही. म्हातारीनं तिच्यात लेक घातला, मी तिच्यात म्हातारी घातली." मी म्हणाले, "मग म्हातारीने 'थांबलास काऊन' म्हटल्यावर काकांचा संथ ठेका का मोडलात? ताट रिकामंच असतं तर कोणतंही चाललं असतं!" यावर तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत. चाळीस वर्षांत तेवढा एकच डाव माझा. चाकूरपर्यंत मी फार खुशीत होते.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहिली, ती आता सांगते. माझ्या शाळेच्या गॅदरिंगला मी पोरींकडून हा पाळणा बसवून घेतला होता. फार रंगला. मुख्याध्यापकांनी माइकवर विचारलं, "बाई, कुणाचं गीत?" मी म्हणाले, "पारंपरिक आहे, सर." डाळ मिलमधल्या हमालाचं, माझ्या दाजींचं, असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. लाज वाटली मला. पाहुणे बसले होते, पाहुण्यांच्या बायका बसल्या होत्या. आणि तुम्ही शेवटच्या रांगेत उभे होतात, अंगावर डाळीची भुकटी घेऊन, पाळी संपवून थेट आलेले. घरी चहा पिताना एवढंच म्हणालात, "पारंपरिक झालो म्हना की आपन. मेल्याबिगर होत न्हाई कुनी." मी हसले. माफी मागायला पाहिजे होती, ती मागितली नाही. पुढे कितीदा तरी ओठांवर आली. तुम्ही कधी विषय काढला नाही आणि मी ते सोयीचं मानलं. चुकलं माझं, दाजी.

तर रविवार.

शनिवारी गोष्ट ऐकून आनंद उठून गेला होता. सकाळी येऊन म्हणाला, "तुला जे करायचं ते कर मावशी, पण आईला त्रास झाला तर मी मधेच थांबवणार." मी म्हटलं, कबूल. मांडव भरला. कंधारहून दोन जीपा भरून माणसं आली होती. तुमच्या मिलमधले म्हातारे हमाल आले होते, एकमेकांना धरून. वंदना झाली, भंतेजी बोलले, नात्यातले दोघे-तिघे बोलले. मग मी उठले. फ्लेक्सवर तुम्ही हसत होतात, नेहमीसारखे, माझा तिळपापड व्हावा असे.

माइक हातात घेऊन मी आधी म्हणाले, "हा पाळणा पारंपरिक नाही. हा आमच्या दाजींनी रचलाय, पाझर तलावाच्या कामावर, खडी फोडता फोडता. मी एकदा चारचौघांत खोटं बोलले होते." मागे कुजबूज झाली. "पाळणा?" असं कुणीतरी म्हणालं. काही जण एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या बाजूला ढोलकीवर काकांचा नातू, पेटीवर तुमचाच एक शिष्य. मी सुरू केलं.

आणि काय झालं सांगू? सगळं ठरवून, घोकून, तुमच्या धमक्या आठवून आले होते, तरी माझ्या गळ्यातून ते संथ निघालं. धावता ठेका माझ्याने उचलवेना. ढोलकी माझ्यामागे रेंगाळायला लागली. नाव ठेवा गं... बाळाचं... बायकांचे पदर डोळ्यांना लागले. आनंद खुर्चीवरून अर्धा उठला. मला वाटलं, हरले. तुमचं एवढंसं काम झालं नाही माझ्याकडून.

"सुमे."

अक्काचा आवाज. दहा-बारा दिवसांनी आलेला, खरखरीत. पहिल्या रांगेतून ती माझ्याकडे बघत होती. माइकशिवाय सगळ्यांना ऐकू गेलं. "हळू काऊन म्हनायलीस? त्यांला निजवायलीस का? नीट म्हन."

मांडवात कुणीतरी हुंदका दिला आणि कुणीतरी हसलं. मी ढोलकीवाल्या पोराकडे बघितलं. त्याने थाप मारली आणि मग, दाजी, ते सुटलं. कुठून बळ आलं माहीत नाही. पासष्टी उलटलेला माझा आवाज तेरा वर्षांच्या पोरीसारखा पळायला लागला. म्हातारे हमाल टाळ्या देत होते. आनंद खाली बसला होता, आणि त्याचा पाय ठेका धरत होता. त्याला स्वतःला ते कळलं नसावं. रडकं तोंड घेऊन आलेला मांडव ताठ बसला होता. मला वाटलं, बघा दाजी, चालीतच असतं! आणि लगेच वाटलं, नाही, हे तर अक्काने त्यात घातलं. मग मी विचार करायचा सोडून दिला आणि नुसती गायले.

नावाची जागा आली. ढोलकी वाजत राहिली आणि कुणीच काही बोललं नाही. मी तरी काय म्हणणार? जन्मभर मी तुम्हाला दाजी म्हटलं. आनंदला तुम्ही आबा, भावकीला तुम्ही मोठे, हमालांना तुम्ही उस्ताद. तुमचं नाव तोंडाने घेण्याइतकं मोठं त्या मांडवात कुणी उरलंच नव्हतं. एक फेरी रिकामी गेली. ऊन इचारतंय, त्याला नाव सांगा. दुसरीही रिकामी गेली. ढोलकीवाला पोर माझ्याकडे बघायला लागला, आता काय करू म्हणून.

तेव्हा अक्का उठली. तिने कधीच तुमचं नाव घेतलं नाही. लग्नात नाव घे म्हणून बायका हटून बसल्या तेव्हा घेतलं असेल तेवढंच. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, बँकेत, कुणी विचारलं की ती माझ्याकडे नाहीतर आनंदकडे बोट करायची, आणि नाव आम्ही सांगायचो. ती उठली, डोक्यावरचा पदर नीट केला, फोटोकडे बघितलं आणि बरोबर ठेक्यावर, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "दौलत!"

आख्खा मांडव तिच्यामागून ओरडला. दौलत! दौलत! माझं गाणंच थांबलं. मी उभ्या उभ्या हसत होते आणि रडत होते.

अक्का माझ्याकडे वळली. म्हणाली, "पुढचं कडवं म्हन."